इस्तंबूलचा रस्ता कुठल्या वेळी काय खातो

बर्लिनमध्ये डोनरचा, म्हणजे उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचे काप भरलेल्या तुर्की पावाचा, भाव सात युरोंवर गेला तेव्हा जर्मनीत त्याचं चक्क राजकारण झालं. २०२४ मध्ये तिथल्या डाव्या पक्षाने सरकारने डोनरचा भाव बांधून द्यावा अशी मागणी केली, आणि लोकांनी ती नुसती हसून सोडून दिली नाही. विद्यार्थी, रात्रपाळीवाले, ऑफिसातून उशिरा येऊन गॅस पेटवायचा कंटाळा करणारे आमच्यासारखे, या सगळ्यांची रात्रीची सोय त्या एका पावात असते. आम्ही बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहतो. खाली उतरलं की एका चौकात चार तुर्की दुकानं. त्यामुळे तुर्की खाणं आपल्याला कळतं असा आमचा समज पक्का होता.

गेल्या नोव्हेंबरात इस्तंबूलला जायचं ठरलं तेव्हा एकच अट ठेवली: टेबलावर कापड घातलेलं असेल त्या दुकानात शिरायचं नाही. उभ्याने खायचं, नाहीतर बुटक्या स्टुलावर. मी मालवणची, पाण्यातलं आणि जमिनीवरचं काहीही चालतं. नवरा पुण्याचा आणि शाकाहारी, अंडं चालवून घेणारा. त्याच्या दृष्टीने ही सहल म्हणजे उपासच होणार, असं तो निघण्याआधीपासून सांगत होता.

व्हिसाचं सोपं होतं. भारतीय पासपोर्टावर जर्मनीचा राहण्याचा परवाना असला तर तुर्कीचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो.

शनिवार

बर्लिनहून साबिहा ग्योकचेन विमानतळ तीनेक तासांवर. हा विमानतळ शहराच्या आशियाई बाजूला आहे आणि २०२२ पासून तिथून थेट मेट्रो निघते, ती कादिक्योयला, म्हणजे बंदरापाशी, आणून सोडते. खोली तिथेच घेतली होती. युरोपच्या बाजूला, सुलतानांच्या मशिदींच्या आसपास राहिलं की खाण्याचा भाव आपोआप वाढतो. इथे मात्र शहरातलेच लोक राहतात आणि तेच खातात.

संध्याकाळी बाजारात उतरलो. मासळीवाल्यांनी लाल रंगाच्या गोल तबकांवर मासे मांडलेले, कल्ले उलटून लाल बाजू बाहेर काढून ठेवलेली, म्हणजे ताजेपणा लांबून दिसावा. पालामूत आणि हामसीचा मोसम होता. मी तिथेच रेंगाळले. नवऱ्याने दहा मिनिटांत दुकानांच्या पाट्या वाचून निष्कर्ष काढला, "अगं, इथे फलाफल नाहीच!"

खरंच नव्हतं. बर्लिनच्या तुर्की दुकानात शाकाहाऱ्याला जे देतात ते फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे वडे, अरबांचं आणि हालूमी चीज सायप्रसचं. इथे ते शोधत फिरणं म्हणजे वेळ घालवणं. त्याची सोय भलतीकडेच निघाली: ची क्योफ्ते. नावात क्योफ्ते, म्हणजे कोफ्ता, असला तरी दुकानात मिळणाऱ्या या पदार्थात मांस नसतं. पूर्वी कच्चं मांस गव्हाच्या बारीक दळ्यात मळत असत. उर्फा, आदियामान या पूर्वेकडच्या शहरांची ती खासियत. कच्चं मांस विकायला बंदी आल्यावर दुकानदारांनी ते काढून टाकलं आणि दळा, टोमॅटोचा आटवलेला गोळा, कांदा आणि इसोत नावाची काळपट मिरची एवढ्यावर काम भागवलं. माणूस हाताने गोळा दाबून बोटांचे ठसे उमटवतो, पातळ लावाश पोळीवर पसरतो, वर लेट्यूस, पुदिना, लिंबू आणि डाळिंबाचा आटवलेला रस, आणि गुंडाळी करून देतो. पैसे बर्लिनच्या डोनरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि बोलायचा थांबला. इसोतचा तिखटपणा लगेच कळत नाही, मागून येतो.

माझं जेवण दहानंतर. मिद्ये दोलमा, म्हणजे शिंपल्यात भरलेला भात. मालवणला आम्ही शिणाणे खातो ते सुक्यात किंवा रश्शात. इथे शिंपला अर्धवट उघडून आत भात, मनुका, चिलगोजे, मिरी आणि ऑलस्पाइस भरतात, पुन्हा मिटवून वाफवतात आणि थंडच विकतात. विकणारा वरची शिंपली मोडून तिचाच चमचा करतो, लिंबू पिळतो, हातात देतो. आपण खाल्लं की दुसरा पुढे येतो, मग तिसरा, "पुरे" म्हणेपर्यंत थांबत नाही. शेवटी रिकाम्या शिंपल्या मोजून हिशेब. ही माणसं बहुतेक मार्दिनची. मार्दिन तुर्कीच्या आग्नेयेला, सिरियाच्या सीमेजवळ, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तरी देशभरातल्या बंदरांवर शिंपल्यांचा धंदा त्यांच्याकडेच आहे. एक माणूस गावातून आला, पाठोपाठ चुलतभाऊ आला, असं होत होत एक पूर्ण धंदा एका गावाचा होतो. हे आपल्याकडच्यांना समजावून सांगायला नको.

शिंपला मात्र कुठेही खाऊ नये. जिथे तबक भराभर रिकामं होतंय आणि उभे असलेले लोक तिथलेच आहेत, तिथेच. उन्हाळ्यात तर मी खाल्लाच नसता.

रविवार

सकाळी सिमित. तिळाने माखलेलं पावाचं कडं, भट्टीत जाण्याआधी द्राक्षाच्या काकवीच्या पाण्यात बुडवलेलं, म्हणून बाहेरून तांबूस आणि कुरकुरीत. लाल गाड्या प्रत्येक चौकात आणि प्रत्येक धक्क्यावर. अर्ध्या युरोपेक्षा कमी पैशांत पोटाला आधार मिळतो. सकाळी सात-आठला घेतलेलं सिमित आणि दुपारी चारला घेतलेलं सिमित यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुपारचं चामट होतं, आणि लांबून आलेल्या माणसाच्या हाती नेमकं तेच पडतं, मग तो घरी जाऊन लिहितो की काही विशेष नाही.

सिमित हातात घेऊन फेरीबोटीत चढलो. कादिक्योयहून एमिन्योन्यू, वीसेक मिनिटं, आशियातून युरोपात. तिकीट शहराच्या बसकार्डावरच चालतं. डावीकडे... नव्हे, बंदरातून निघताना उजवीकडे हैदरपाशा स्टेशन दिसतं. जर्मनांनी बांधलेलं, १९०९ मध्ये उघडलेलं, बर्लिनमध्येही शोभून दिसेल असं. फेरीवर चहावाला थाळीत कंबर आवळलेले ग्लास घेऊन फिरतो. दूध नाही, साखरेच्या दोन वड्या बशीत. तुर्की माणूस दरडोई जगात सर्वांत जास्त चहा पितो आणि तो पिकतो काळ्या समुद्रावरच्या रिझे भागात. नवऱ्याने दूध नसलेल्या चहाला पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं. फेरीवर थंडगार वारा लागल्यावर त्याने दुसरा ग्लास स्वतःहून मागितला. लोक सिमितचे तुकडे सीगलना फेकत होते आणि ते हवेतच झेलत होते. लहान मुलांपेक्षा मोठ्यांनाच त्यात जास्त रस.

एमिन्योन्यूला गलाता पुलाशी बालिक एकमेक. भाजलेल्या बांगड्याच्या जातीच्या माशाचा काप अर्ध्या पावात, कांदा, लेट्यूस, लिंबाचा रस. प्रवासी पुस्तकांत याच्या फोटोशिवाय इस्तंबूल पूर्ण होत नाही. माझं मत जरा वेगळं पडलं. मासा बहुतेक ठिकाणी नॉर्वेहून गोठवून आलेला असतो, आणि खाताना ते कळतं. वर पुलावर शंभर माणसं गळ टाकून उभी, त्यांच्या बादल्यांत ताजे छोटे इस्ताव्रित फडफडतायत, आणि खाली आपण नॉर्वेचा मासा खातोय! पाव ताजा आहे, गर्दी मजेची आहे, समोर गोल्डन हॉर्न खाडीचं पाणी आहे. पण मासा खाण्यासाठी म्हणून गेलात तर मालवणी माणसाने अपेक्षा खाली ठेवावी.

त्याच्या शेजारी जे मिळतं ते मात्र अस्सल. तुर्शू सुयू, लोणच्याचं पाणी. प्लास्टिकच्या पेल्यात कोबी, काकडी, गाजराचे तुकडे आणि वर जांभळट-लाल खारं आंबट पाणी. माशाच्या तेलकट घासावर ते एकदम बरोबर बसतं. हा पेला नवऱ्यानेही घेतला, आणि माझ्यापेक्षा लवकर संपवला.

संध्याकाळी भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागल्या. वास दूरवर येतो. भाव शंभर ग्रॅमचा असतो, तो विचारूनच घ्यावा. मशिदींजवळ आणि कादिक्योयमध्ये एकाच पिशवीचे पैसे वेगळे.

सोमवार

आजचा दिवस सुलेमानिये मशिदीसाठी. ओटोमन वास्तुरचनाकार मिमार सिनानने बांधलेली, १५५७ मध्ये पूर्ण झालेली. आतलं सगळं पाहून झालं आणि त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मशिदीच्या आवारात तेव्हा शाळा होत्या, दवाखाना होता आणि गरिबांसाठी, विद्यार्थ्यांसाठी रोज जेवण शिजवणारं मोठं स्वयंपाकघरही होतं. आज त्याच आवाराच्या एका बाजूला, जुन्या मदरशांच्या ओळीत, कुरू फासूल्येची दुकानं आहेत. एकेकाळी या ओळीत अफूबाज बसत आणि तिला व्यसनी लोकांचा बाजार म्हणत. आता व्यसन एकच: पांढऱ्या घेवड्याचे दाणे टोमॅटो, कांदा आणि लोण्यात तासन्‌तास शिजवलेले, सोबत भात, कांदा, लोणच्याची मिरची आणि फेसाळ आयरान, म्हणजे ताक.

नवऱ्याने "एतसिझ?" म्हणून विचारलं. मांसाशिवाय, एवढाच त्याचा तुर्की शब्दसंग्रह, पण तो त्याने चोख पाठ केला होता. एका दुकानात हसून "नाही" म्हणाले, पुढच्यात "हो". खाऊन तो इतका खूश झाला की दुसरी वाटी आली. बाजूच्या बाकावर सिमेंटने माखलेल्या बुटांतले दोन कामगार, पलीकडे विद्यापीठाची मुलं. मला इथेच पहिल्यांदा लक्षात आलं की या शहरात स्वस्त खाणं शोधायचं तर नकाशा कमी आणि घड्याळ जास्त बघावं. दुपारी बाराला जिथे कामगार बसतात ते दुकान तीन वाजता रिकामं असतं, आणि साडेतीनला भांडी घासायला जातात. त्या वेळी पोहोचलेल्याला मग कापड घातलेल्या टेबलावरच जावं लागतं.

तिथून चालत वेफा. गल्लीत १८७६ पासूनचं बोझाचं दुकान आहे, बाल्कनमधून आलेल्या कुटुंबाने सुरू केलेलं. बोझा म्हणजे बाजरीसारख्या धान्याची आंबवून केलेली दाट, पिवळसर, आंबटगोड खीर म्हणावी की पेय म्हणावं, कळत नाही. ग्लासात चमचा उभा राहतो. वरून दालचिनीची पूड. जाणकार लोक आधी समोरच्या दुकानातून गरम फुटाणे घेतात आणि ते वर टाकून खातात. आम्हीही घेतले. भिंतीवरच्या कपाटात अतातुर्क यांनी वापरलेला ग्लास ठेवलाय. संगमरवरी जमीन, गडद लाकूड, पेले विसळायचा आवाज. चव? पहिल्या तीन चमच्यांना मला आवडेना, आणि ग्लास संपला तेव्हा तळाशी उरलेलं खरवडत होते. उन्हाळ्यात बोझा जवळपास कोणी पीत नाही. पूर्वी थंडीच्या रात्री फेरीवाले ओरडत गल्लीबोळातून विकायचे.

परत येताना फातिह भागातल्या एका बेकरीत दाराशी पावांनी भरलेली टोपली दिसली आणि वर पाटी: आस्किदा एकमेक. कोणी आत येऊन दोन पावांचे पैसे देतो, एकच घेऊन जातो. दुसरा टोपलीत. ज्याला हवा तो काही न विचारता घेऊन जातो. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, टोपलीतून एक पाव उचलला, काउंटरवरच्या मुलीला "कोलाय गेल्सिन" म्हणाले आणि गेले. काम सोपं जावो, असं कामात असलेल्या कोणालाही म्हणतात. तिने मान वर करून उत्तर दिलं आणि पुन्हा पाव लावायला लागली.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. हे सगळं स्वस्त आहे ते आमचा पगार युरोत आहे म्हणून. तुर्कीत २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वर्षभराची महागाई सरकारी आकड्यानेच ८५ टक्क्यांच्या वर गेली होती. त्यानंतर वेग कमी झाला, भाव खाली आले नाहीत. दुकानांतल्या छापील दरपत्रकांवर चिकटपट्ट्या, त्यावर पेनाने नवा आकडा, त्यावर पुन्हा चिकटपट्टी. २००५ मध्ये लिरावरची सहा शून्यं काढून टाकली तरी जुनी माणसं अजून लिराला "मिलियन" म्हणून जातात. घरमालकीणबाईंनी भाव सांगताना दोनदा तसं म्हटलं आणि स्वतःच हसल्या.

मंगळवार

कादिक्योयचा मंगळवारचा बाजार मोठा असतो. योगायोग असा की बर्लिनमध्ये आमच्या कालव्याकाठचा तुर्की बाजारही मंगळवारी आणि शुक्रवारीच भरतो, त्यामुळे हातात पिशवी घेऊन निघताना परक्या गावात असल्यासारखं वाटेना. फक्त इथे दुप्पट आवाज आणि निम्मा भाव. ऑलिव्हचेच वीस प्रकार, मिठाच्या पाण्यातलं पांढरं चीज, द्राक्षाची पानं, शुभ्र फ्लॉवरचे गड्डे, आणि पलीकडे स्वेटर, मोजे, पडद्याचं कापड.

बाजाराच्या कडेला बायका ग्योझलेमे करतात. डोक्याला रुमाल, मांडीसमोर गोल बुटकं पाट, हातात काठीएवढं बारीक, लांबलचक लाटणं. पिठाचा गोळा बघता बघता वर्तमानपत्राएवढा पसरतो, पारदर्शक. आत बटाटा किंवा पालक-चीज, चौकोनी घडी, आणि पालथ्या तव्यावर. नवरा तिथे तळ ठोकून बसला. करणारी बाई साठीची असेल. त्याने आधी बटाट्याची, मग पालकाची, मग पुन्हा बटाट्याची मागितली तेव्हा तिने शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी खळखळून हसल्या. मला "आब्ला", म्हणजे ताई, म्हणून हाक मारून तिने खुणेने विचारलं, घरी याला जेवायला देतेस की नाही? मी म्हटलं, "देते, पण असं नाही." मराठीतच म्हटलं. ती समजल्यासारखी मान हलवत राहिली. उठताना मी "एलिनीझे साल्लिक" म्हणाले. तुमच्या हातांना आरोग्य लाभो, असं रांधणाऱ्याला म्हणतात. त्यावर आमच्यापुढे आणखी दोन चहा आले, आणि त्यांचे पैसे काही केल्या घेईनात.

रात्री तकसीम चौक. इस्तिकलाल रस्ता हा चालायला ठीक. दुतर्फा जे विकायला आहे त्यातलं निम्मं आमच्यासारख्यांसाठी मांडलेलं. पण चौकाच्या तोंडाशी काचेच्या वाफाळत्या पेटीत इस्लाक हॅम्बर्गर रचून ठेवलेले असतात. नावाप्रमाणे ओले. लसूण घातलेल्या टोमॅटोच्या रसात बुडवलेला छोटा मऊ पाव, आत मांसाची टिकली, तासन्‌तास वाफेत. दिवसा त्याच्याकडे बघवत नाही. रात्री एकनंतर, नाचून आणि पिऊन आलेल्या लोकांच्या रांगेत, त्याचा अर्थ कळतो. मी साडेदहाला खाल्ला, म्हणजे मला तो अर्धाच कळला असणार.

कोकोरेच मात्र पूर्ण कळला. कोकराची आतडी साफ करून, आतल्या मऊ भागांभोवती गुंडाळून आडव्या सळईवर निखाऱ्यावर भाजतात. मागितलं की तेवढा तुकडा कापून टोमॅटो-मिरचीबरोबर सुऱ्याने बारीक चुरतात, ओवा-पुदिन्याच्या मधला वाटणारा केकिक आणि लाल मिरचीचा चुरा टाकतात, आणि पावात भरतात. चतुर्थांश पाव, अर्धा पाव, अख्खा पाव, असे तीन भाव. तुर्की युरोपीय संघात जाणार अशी हवा होती तेव्हा लोकांना एक मोठी धास्ती होती: ब्रसेल्सवाले आमचा कोकोरेच बंद करतील. तुर्की अजून संघात गेलेली नाही आणि कोकोरेच जागेवर आहे. नवरा दहा पावलं लांब उभा राहून, पाठ करून, फोन बघत होता.

त्याचं त्या रात्रीचं खरं जेवण हुकलं, आणि ते एका विक्रेत्याच्या प्रामाणिकपणामुळे. कोपऱ्यावर काचेची गाडी, आत मोत्यासारखा भात आणि हरभरे: नोहुतलू पिलाव. वर कोंबडी घालतात, ती नको म्हटलं की नुसता भात मिळतो. नवऱ्याने "एतसिझ" म्हटलं. विक्रेत्याने चमचा भातात घातला होता, तो बाहेर काढला. "तावूक सुयू," म्हणाला, कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय. दोनदा सांगितलं, पातेल्याकडे बोट केलं, आणि विकायला नकार दिला. समोर आलेलं गिऱ्हाईक त्याने स्वतःहून घालवलं. मग गल्लीचं दुसरं टोक दाखवून म्हणाला, तिकडे मका आहे. भाजलेल्या मक्यावर नवरा झोपला. मी त्या गाडीवर परत जाऊन भात खाल्ला. इतका मोकळा, इतका लोणकढ चवीचा भात उभ्याने खायला मिळतो, यावर विश्वास बसेना.

बुधवार

दिवसभर पाऊस. सकाळी तराजूवर तोलून मिळणारं, पापुद्र्यांत चीज भरलेलं बोरेक, दुपारी ऑर्ताक्योयला कुम्पिर. बॉस्फरस सामुद्रधुनीवरच्या पहिल्या, १९७३ मधल्या पुलाखाली, पाण्याला लागून असलेल्या सुंदर मशिदीशेजारी एका ओळीत पंधरा-वीस टपऱ्या, आणि प्रत्येकजण ओरडून बोलावतो. एवढा मोठा बटाटा भट्टीत भाजून, आतच लोणी-चीजने घुसळून, वर रशियन सॅलड, मका, ऑलिव्ह, लोणचं, बीट असं काय हवं ते रचतात. शाकाहाऱ्याला वरदान, असं सगळे सांगतात. आमच्या घरच्या शाकाहाऱ्याचा निकाल: "मेयोनीजखाली बटाटा कुठे गेला?" पैसेही ची क्योफ्तेच्या तिप्पट.

भिजत परतताना महापालिकेच्या केंत लोकांतासीसमोर छत्र्यांची रांग दिसली. इस्तंबूल महापालिकेने २०२२ मध्ये ही खानावळ सुरू केली. चार पदार्थांचं जेवण, तेव्हा २९ लिरांत. पुढे भाव वाढला तरी बाहेरच्या खानावळीच्या मानाने नगण्य आहे. रांगेत पेन्शनवाले आणि विद्यार्थी. आत कोणीही जाऊ शकतं, ओळखपत्र विचारत नाहीत. नवरा म्हणाला, "जाऊ या का? खरं शहर इथेच आहे." मी नको म्हटलं. आपण घेतलेलं ताट रांगेतल्या शेवटच्या माणसाला कमी पडू शकतं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या टपरीवर सालेप घेतल्यावर विषय संपला. ऑर्किडच्या कंदाची पूड घालून दाट केलेलं गरम दूध आणि दालचिनी. पावसात याहून बरं काही नाही.

गुरुवार

विमान संध्याकाळी. डोनर शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

सिर्केजी स्टेशनाजवळ खाल्ला, मुद्दाम तिथेच. १८९० मध्ये बांधलेलं हे स्टेशन ओरिएंट एक्सप्रेसमुळे प्रसिद्ध आहे, पण आमच्या बर्लिनच्या गल्लीचा संबंध दुसऱ्या गाड्यांशी. ३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कीत कामगार नेण्याचा करार झाला. त्याआधारे भरती झालेली माणसं याच फलाटावरून, लाकडी पेट्या घेऊन, म्युनिकच्या गाडीत बसली. दोनेक दिवसांचा प्रवास. दोन वर्षांनी परतायचं, असं बहुतेकांच्या मनात होतं. त्यांची नातवंडं आज आमच्या चौकात दुकान चालवतात. पावात भरलेला, चालता चालता खाता येणारा डोनर १९७२ मध्ये बर्लिनच्या झू स्टेशनाशी कादिर नुरमान यांनी विकायला सुरुवात केली असं सांगतात. तो मान आपला म्हणणारे आणखीही आहेत. तुर्कीकडून डोनरला युरोपीय संघाचं पारंपरिक पदार्थाचं संरक्षण मागितलं गेलं, मांस कोणतं आणि काप किती जाड हे ठरवून देणारं. २०२४ मध्ये हरकत घेतली ती जर्मनीने.

इथल्या पाटीवर डोनर ग्रॅममध्ये लिहिलेला. माणूस सुऱ्याने कागदासारखे काप काढतो, तराजूवर टाकतो, पावात भरतो. टोमॅटो, कांदा, बाजूला एक लोणच्याची मिरची. बस. लसणीचं नाही, हिरवं नाही, तिखट नाही, बर्लिनमध्ये ज्या तीन सॉसविषयी आधी विचारतात त्यातलं एकही नाही. मांसाची चव मांसासारखी, आणि मांस महाग झाल्यामुळे भावही आठवड्यातला सगळ्यात चढा. स्वस्त हवा तर शेजारी कोंबडीचा आहे. मला हा जास्त चांगला लागला. आणि तरी, शुक्रवारी रात्री ऑफिसातून घरी जाताना मला नॉयकोल्नचाच लागतो, कोबी आणि तिन्ही सॉस घातलेला, कोपरापर्यंत ओघळणारा. ते दोन वेगळे पदार्थ आहेत, एकाला दुसऱ्याचं प्रमाणपत्र नको.

नवऱ्याने समोरून मसुराचं सूप घेतलं, "तावूक सुयू?" असं आधी विचारून. नव्हतं. लिंबू पिळलं, मिरचीचा चुरा टाकला, टोपलीतला पाव हवा तेवढा.

मग मसाल्याच्या गल्लीत शिरलो. झाकलेल्या मसाला बाजाराच्या आत जाऊ नये, त्याच्या पाठीमागच्या रस्त्यावर घ्यावं, असं घरमालकीणबाईंनी बजावलं होतं. डाळिंबाच्या रसाची बाटली हवी होती, पण आमच्याकडे फक्त हातातल्या बॅगा आणि शंभर मिलिलिटरचा नियम. म्हणून नवऱ्याने तिथे अर्धा किलो इसोत मिरची बांधून घेतली, वास येऊ नये म्हणून तीन पिशव्यांत. तरी विमानात शेजारचा माणूस दोनदा शिंकला. ती मटकीच्या उसळीवर उत्तम लागते. ताकातल्या काकडीवर नाही, ते करून पाहिलं.